बहात्तर गुंठे आणि अर्धा जिना

ताई, नमस्कार. आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं (सात आणि दहा वर्षांची) न्यू जर्सीच्या सॉमरसेट काउंटीत नऊ वर्षं टाउनहाउसमध्ये राहतोय. आता एक स्वतंत्र घर आवडलंय. १९६८ चं स्प्लिट-लेव्हल. वर तीन बेडरूम, मध्ये स्वयंपाकघर आणि हॉल, खाली गॅरेजशेजारी एक मोठी खोली आणि नुसतं टॉयलेट-बेसिन. जमीन १.८ एकर, मागे झाडी आणि छोटासा ओढा. गावाचं पाणी नाही, विहीर आहे. गटार नाही, सेप्टिक आहे. हीटिंग सध्या प्रोपेनवर. मालकीणबाई वारल्या, त्यांची मुलं विकताहेत आणि ‘आहे तसं घ्या’ म्हणताहेत. आसपासच्या नव्या घरांपेक्षा दीड लाख डॉलर स्वस्त. ऑफर मान्य झाली, शुक्रवारी करारावर सह्या झाल्या. मी जमिनीच्या प्रेमात आहे. झोनिंगप्रमाणे तिथे एका घराला किमान एक एकर लागतो, म्हणजे उद्या गरज पडली तर अर्धी विकताही येईल. बायको म्हणते, हे घर नाही, नुसता जिना आहे. माझे आई-बाबा दर उन्हाळ्यात साताऱ्याहून पाच महिने येतात आणि आईचे गुडघे पार गेलेत. त्या राहणार कुठे, हा तिचा प्रश्न. बाबांना मी ‘बहात्तर गुंठे’ म्हणून सांगून बसलोय. काय करू?
अर्ध्या जिन्यावरचा

प्रिय अर्ध्या जिन्यावरचे,

बाबांना सांगा, गुंठ्यांचा हिशोब बरोबर आहे. एकराचे चाळीस, तर १.८ एकराचे बहात्तर. तुमच्या पत्रातलं तेवढंच गणित बरोबर आहे. एका घराला किमान एक एकर लागत असेल, तर दोन घरांना दोन एकर लागतील, म्हणजे ऐंशी गुंठे. तुम्हाला आठ कमी पडतात. हे तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि पुढच्याच वाक्यात विसरलात. जमिनीच्या प्रेमात माणसाचं असंच होतं.

आठ गुंठ्यांची सवलत मागता येते, नाही असं नाही. पण गावाकडे भावाभावांत हिस्से पाडतात तसं ते इथे होत नाही. प्लॅनिंग बोर्डापुढे वकील, इंजिनियर आणि सर्व्हेयर घेऊन उभं राहायचं. नव्या तुकड्याला रस्त्याकडून पुरेशी रुंदी आहे का, त्याच्या सेप्टिकला पाणी झिरपेल अशी माती आहे का, ओढ्यापासून किती अंतर सोडायचं, हे सगळं सिद्ध करायचं. त्यात शेजारी येऊन हरकत घेणार. हा खर्च करूनही उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. तेव्हा ‘अर्धी विकू’ हे वाक्य किंमत ठरवताना डोक्यातून काढून टाका. एक जुनं घर आणि त्याच्याभोवती पुष्कळ मोकळी जागा, एवढंच तुम्ही घेताय. तेवढ्यासाठी ही किंमत वाजवी वाटते का, ते बघा.

तुमचं पत्र शनिवारी आलं, म्हणून त्याच रात्री मी तुम्हाला दोन ओळी पाठवून विचारलं होतं की वकिलाचं पत्र गेलं का. इतर वाचकांसाठी सांगते. न्यू जर्सीत एजंटने तयार केलेल्या घराच्या करारावर सह्या होऊन तो दोघांच्या हातात पडला, की कामाचे तीन दिवस वकिलाला तपासायला मिळतात. शुक्रवारी सह्या झाल्या तर बुधवारी मुदत संपते आणि मग करार आहे तसा बांधला जातो. वकिलाने त्या आत ‘आम्हाला अमुक बदल हवेत’ असं लिहून पाठवलं की घड्याळ थांबतं. तुमचं उत्तर आलं की पत्र गेलंय, म्हणून आता निवांत लिहितेय. ‘आहे तसं’ या शब्दांनाही घाबरू नका. ते दुरुस्ती करून देणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तपासणीची अट करारात शाबूत असेल तर तपासायचा, पैसे कमी करून मागायचा आणि नाही पटलं तर उठून जायचा हक्क तुमचा राहतो. शर्यतीत पुढे जायला काही लोक ही अटच सोडून देतात. १९६८ च्या घरात, तेही विहीर आणि सेप्टिक असलेल्या, अट सोडणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही. दुसरा शब्द आहे, तो छापत नाहीत.

आता तुमच्या बायकोच्या प्रश्नाकडे येते, कारण खरा प्रश्न तिनेच विचारलाय.

आम्ही १९९१ साली १९६४ चं स्प्लिट-लेव्हल घेतलं आणि त्यात तेवीस वर्षं काढली. मी सिव्हिल इंजिनियर, तरी घर बघताना पायऱ्या मोजल्या नव्हत्या. साठच्या दशकात इथल्या उपनगरांत ही घरं धडाक्याने बांधली गेली. उताराची जमीन फारशी न कापता घर बसवता येतं, गॅरेज पोटात घेता येतं, टीव्हीचा गोंगाट खाली आणि झोपायच्या खोल्या वर ठेवता येतात. कोकणातलं घर आठवा. पडवी खाली, ओटी एक पायरी वर, माजघर आणखी वर. तोच प्रकार, फक्त तिथे एक पायरी असते आणि इथे सहा-सात. गंमत म्हणजे इथे पूर्ण जिना कुठेच नाही आणि पायऱ्यांशिवाय कुठलंच काम नाही.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांची खोली वर, स्वयंपाकघर मध्ये आणि टीव्ही खाली. आठवड्याभरात त्यांनी स्वतःच मार्ग काढला. मधल्या आणि खालच्या मजल्यामधल्या अर्ध्या जिन्यावर, वरून तिसऱ्या पायरीवर उशी टाकून बसायच्या. मांडीवर परात, परातीत मटार. तिथून ओट्यावरचं दूध दिसायचं आणि खाली मालिकाही दिसायची. दूध वर आलं की बसल्या जागेवरून मला हाक. या घरांचं हे सुख खरं आहे. कोणीही कुठेही असलं तरी हाकेच्या अंतरावर असतं. मोठ्या दुमजली घरांत मुलांना जेवायला बोलवायला फोन करणारे लोक मी पाहिलेत.

पण रात्री दोनला बाथरूमला जायचं असेल तेव्हा उशी कामाला येत नाही. तेव्हा घर बघताना हे करा. हातात टेप घ्या आणि प्रत्येक अर्ध्या जिन्याच्या पायरीची उंची मोजा. सगळ्या पायऱ्यांची, एकीची नाही. जुन्या घरात फरशी किंवा कार्पेट बदलताना पहिली आणि शेवटची पायरी कमी-जास्त झालेली असते आणि माणूस तिथेच पडतो. कठडा एका बाजूलाच असेल, तो दोन्ही बाजूंना बसवून घ्यायचा. आणि आईंचा एक दिवस कागदावर लिहून काढा. सकाळी उठल्यापासून त्या कुठे कुठे जातात, किती वेळा चढतात, किती वेळा उतरतात. स्टेअरलिफ्ट बसवू म्हणाल, तर एका घरात दोन लागतील, कारण जिने दोन आहेत.

माझं मत असं की आईंचं घर खालच्या मजल्यावर होऊ शकतं. गाडी थेट गॅरेजमध्ये, गॅरेजमधून खोलीत, मध्ये फार तर एखादी पायरी. टॉयलेट-बेसिन आहेच. त्याला उंबरठा नसलेला शॉवर जोडला, बसायला बाकडं आणि धरायला दांडे लावले की झालं. जेवायला दिवसातून दोनदा सहा पायऱ्या चढायच्या, तेवढं डॉक्टरही चालू ठेवायलाच सांगतील. कोपऱ्यात एक छोटा ओटा आणि चहाची किटली ठेवा, म्हणजे सकाळचा चहा बाबाच करतील. आई-बाबा उन्हाळ्यात येतात म्हणून जमिनीलगतच्या काँक्रीटच्या थंडीचा त्रास होणार नाही. ते कधी हिवाळ्यात राहणार असतील तर त्या मजल्याचं हीटिंग वेगळं करून घ्या. या घरांत वरच्या बेडरूम भाजतात आणि खालची खोली गारठते, एका थर्मोस्टॅटने दोन्ही सांभाळता येत नाहीत. गॅरेज शेजारीच आहे, म्हणून मधलं दार आगीला टिकणारं आणि आपोआप बंद होणारं हवं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच.

इथे एक मेख आहे. न्यू जर्सीत सेप्टिक किती मोठं हवं ते घरात माणसं किती यावर ठरत नाही, बेडरूम किती यावर ठरतं. तुमचं तीन बेडरूमचं असेल. खालच्या खोलीला कपाट, मोठी खिडकी आणि शॉवर देऊन तुम्ही परवानगीसाठी नकाशा दिलात, की टाउनशिप (इथली नगरपालिका) तिला चौथी बेडरूम म्हणू शकते आणि मग हेल्थ डिपार्टमेंट विचारणार, सेप्टिक चौथीला पुरेसं आहे का? म्हणून क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, आधीच त्या ऑफिसात जा आणि या पत्त्याची सेप्टिकची फाइल मागा. कधी बसवलं, किती बेडरूमसाठी, शोषखड्डे कुठे, सगळं त्यात असतं. फाइलच सापडली नाही तर तेही एक उत्तरच आहे.

याच कारणासाठी मी म्हणते, या घरात वर काय दिसतं ते विसरा. गुलाबी टाइल्सचं बाथरूम, तपकिरी पॅनेलिंग, ते सगळं दोन उन्हाळ्यांत बदलेल. व्यवहार होणार की नाही ते जमिनीखालच्या गोष्टी ठरवतील.

त्यातली पहिली म्हणजे तेलाची टाकी. १९६८ साली गॅसची लाइन नसलेल्या भागातलं घर बहुधा तेलावर तापायचं. आता प्रोपेन आहे म्हणता. मग तेलाची टाकी गेली कुठे? त्या काळी लोखंडी टाकी सरळ अंगणात पुरायचे. नंतर कोणी काढली, कोणी वाळू भरून बंद केली, कोणी नुसती विसरून गेलं. मालकीणबाईंच्या मुलांनाही माहीत नसेल, ते खोटं बोलताहेत असं नाही. खालच्या युटिलिटी रूममध्ये जा, टॉर्च घ्या आणि हीटरच्या मागची भिंत जमिनीलगत बघा. पेन्सिलीएवढ्या जाड तांब्याच्या दोन नळ्या काँक्रीटमधून बाहेर आलेल्या, टोकं पक्कडीने चेपून बंद केलेली, अशा दिसल्या तर भिंतीच्या पलीकडे कधीतरी टाकी होती. बाहेर त्याच बाजूला झुडपांत हात घालून बघा. छत्रीसारखी टोपी असलेला गंजका पाइप असतो. माझ्या एका मैत्रिणीच्या घरात तो अझेलियाच्या झाडीत तेरा वर्षं उभा होता. दरवर्षी ती स्वतःच झाडी छाटायची. तिला वाटायचं, जुन्या नळाचा असेल. घर विकायला काढलं तेव्हा घेणाऱ्याच्या माणसाने अर्ध्या तासात टाकी शोधली. गळत होती. विमा कंपनीने हात वर केले आणि माती खणून नेण्याचा खर्च मुलाच्या कॉलेजच्या पैशातून गेला.

तेव्हा टाकी शोधणाऱ्याला बोलवा. काही शे डॉलरचं काम आहे. टाकी निघालीच तर ती काढायचं काम, मातीची तपासणी आणि टाउनशिपचे कागद हे सगळं विकणाऱ्यांनी क्लोजिंगच्या आधी करायचं, ही अट वकिलाकडून घाला. ‘पैसे कमी करून देतो, तुम्ही काढा’ म्हणाले तर नको म्हणा. मातीत तेल किती खोल गेलंय ते खणल्याशिवाय कळत नाही. दहा हजारात भागेल की लाख लागेल, हे आधी सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मग सेप्टिक. नळ सोडून, रंग टाकून ‘बघा, वर काही आलं नाही’ म्हणणारी तपासणी नको. झाकणं उघडून, टाकी उपसून, आत कॅमेरा घालून बघणारा माणूस हवा. त्या वयाच्या घरात कधी सेप्टिकच्या जागी नुसता जुना मैलाखड्डा निघतो. तो निघाला तर तुमचा फायदाच. २०१२ पासून न्यू जर्सीत घर विकताना असा खड्डा काढून नवीन व्यवस्था करावीच लागते. नवीन सेप्टिक तीस-चाळीस हजारांच्या घरात सहज जातं, माती वाईट असेल तर त्याहून पुढे. चांगलं असेल तर दर तीनेक वर्षांनी उपसून घ्या आणि तळणीचं तेल सिंकमध्ये ओतणं आजपासून बंद करा. आमच्याकडे एका वर्षी गौरीजेवणाला साठ माणसं झाली, पुरणावरणाची भांडी, दिवसभर फ्लश, आणि संध्याकाळी आरतीच्या वेळी खालच्या टॉयलेटने आवाज काढला. तेव्हापासून आमच्या घरी मोठं जेवण म्हटलं की कागदी पत्रावळ्या आणि अंगणात भाड्याचं टॉयलेट. लोक हसले, पण पुढच्या वर्षी त्यांनीही आणलं.

विहिरीचं बरं आहे, कारण कायदा तुमच्या बाजूने आहे. २००२ पासून इथे खाजगी विहीर असलेलं घर विकताना पाण्याची तपासणी सक्तीची आहे. दोघांनी तो रिपोर्ट वाचल्याची सही केल्याशिवाय क्लोजिंग होत नाही. पण कायदा तपासायला लावतो, सुधारायला लावत नाही. रिपोर्टमध्ये दोष निघाला तर कोणी काय करायचं ते करारातच ठरवावं लागतं. तुमच्या भागात जमिनीखाली लाल शेल आहे आणि त्या खडकातून आर्सेनिक आपोआप पाण्यात उतरतं. न्यू जर्सीची मर्यादा लिटरला पाच मायक्रोग्रॅम, देशाच्या मर्यादेच्या निम्मी. जास्त निघालं तर फिल्टर बसतो, त्यासाठी घर सोडायचं कारण नाही. पण आर्सेनिकला चव, वास, रंग काही नसतो, म्हणून ‘शेजारी चाळीस वर्षं पितात’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

रेडॉनची तपासणी त्या खालच्या खोलीतच करून घ्या, कारण आई-बाबा तिथेच झोपणार. हा किरणोत्सारी वायू खडकातून घरात शिरतो आणि तळाशी साचतो. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात १९८४ साली स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या इंजिनियरच्या अंगावरून अणुवीज केंद्रातला किरणोत्साराचा अलार्म वाजायला लागला. शोध घेतला तर दोष केंद्राचा नव्हता, त्याच्या घराचा होता. तिथली पातळी आजच्या मर्यादेच्या शेकडो पट निघाली. ही मर्यादा लिटरभर हवेला चार पिकोक्युरी. त्याच्या वर आकडा आला तर जमिनीखालून पाइप काढून छपरावर पंख्याने हवा सोडतात, दीड-दोन हजारांत काम होतं. एवढ्यासाठी झोप घालवू नका.

भिंतीतल्या वायरींचं मात्र बघा. १९६५ ते १९७३ च्या आसपास तांबं महागलं म्हणून इथे बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमची वायर घातली गेली आणि तुमचं घर बरोबर त्या मधल्या वर्षांतलं आहे. ॲल्युमिनियम तापलं-थंडावलं की स्क्रूखाली ढिलं होतं आणि जोडावर ठिणगी पडते. सगळी वायर उपटावी लागत नाही, जोडांवर तांब्याची शेपटी जोडून घेता येते, पण काम जाणकाराचंच आहे. विम्याचं कोटेशन याच वेळी घ्या, काही कंपन्या ॲल्युमिनियम ऐकलं की फोन ठेवतात. खालच्या मजल्यावर कार्पेटखाली नऊ इंची चौकोनी टाइल्स निघाल्या तर त्या ॲस्बेस्टॉसच्या समजा आणि खरवडू नका, वरून नवी फरशी घाला. १९७८ च्या आधीचं घर, म्हणजे रंगात शिसंही असू शकतं. मुलं खिडक्या उघडझाप करतील तेव्हा चौकटीतून धूळ पडते, पहिल्यांदा खिडक्या बदला.

आता तुमचा लाडका ओढा. उन्हाळ्यात तो तुम्हाला काव्यमय वाटला असेल. मार्चमध्ये जाऊन बघायला हवा होता, पण आता मार्च आणता येत नाही. तेव्हा जमीन वाचा. पाय टाकला की चिखल ‘पचक’ म्हणतो का, बोरूसारखं उंच गवत वाढलंय का, झाडांची मुळं मातीवर पसरून चाललीत का. तिथे पाणथळ जमीन ठरली तर बहुतेक वेळा तिच्या कडेपासून आणखी पन्नास फूट, अपवादात्मक महत्त्वाची ठरली तर दीडशे फूट, पट्टा मोकळा ठेवावा लागतो. त्यात शेड नाही, तलाव नाही, लॉन वाढवणं नाही. राज्याच्या पर्यावरण खात्याकडून याचं लेखी उत्तर मागता येतं. बहात्तर गुंठ्यांतले तुमच्या हातात किती आणि बेडकांच्या हातात किती, ते त्या कागदावर कळेल. सर्व्हे नवा करून घ्या, जुना चालेल असं कोणी म्हणालं तरी. विजेच्या किंवा पाण्याच्या वहिवाटीचा पट्टा जमिनीतून जातो का तेही त्यात निघतं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाने तुमच्या काउंटीतले ओढे कुठवर चढवले होते, ते शेजाऱ्यांना विचारा. मार्च २०२४ पासून इथे विकणाऱ्याला पुराची माहिती लिहून द्यावीच लागते. ती वाचा, पण शेजारी जास्त खरं सांगतात.

मागची झाडी बघताना मान वर करा. ॲश जातीची मोठी झाडं असतील तर ती मेलेली किंवा मरणारी असतील. पाचूच्या रंगाच्या एका भुंग्याने २०१४ पासून या राज्यातली ॲश पोखरून काढलीत. सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक भोकं दिसतात. घरावर झुकलेलं एक मोठं झाड उतरवायला दीड-दोन हजार डॉलर, आणि तुमच्याकडे किती झुकलीत ते मोजा.

गवत कापायचा मी मुद्दामच फार विचार करू नका म्हणते, कारण तुम्ही कराल आणि मग घर घेणार नाही. एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला. बसायची मशीन घ्या आणि मागचा अर्धा भाग सरळ वाढू द्या. भाजी लावायची तर हरणांसाठी उंच कुंपण लागेल, कुंपणाची उंची किती चालते ते आधी टाउनशिपला विचारा. आमच्या वांग्यांचं पहिलं पीक एका रात्रीत गेलं होतं, देठासकट. आई-बाबा बागेत रमतील, पण आत येताना मोजे, पोटऱ्या, गुडघ्यामागची घडी तपासायची सवय लावा. इथल्या गोचिडीने लाइम नावाचा आजार होतो आणि गोचीड तिळाएवढी असते. आणि हो, शेती दाखवून कर वाचवायची कल्पना कोणी देईल, त्याला हात जोडा. त्यासाठी किमान पाच एकर लागतात.

वास्तूचं तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. साताऱ्याहून कोणीतरी विचारेलच. ईशान्येला सेप्टिक निघालं तर त्यांना तो खर्च सांगा, शास्त्र आपोआप लवचिक होतं.

मी तुमच्या जागी असते तर घर घेतलं असतं. पण असं: टाकी नाही असा लेखी कागद, किंवा ती त्यांनी काढून दिलेली. सेप्टिक उघडून पाहिलेलं आणि त्याची फाइल हातात. आणि दीड लाखांच्या त्या ‘स्वस्ताई’तले ऐंशी हजार आजच बाजूला टाकलेले, शॉवर, वायरिंग, झाडं आणि सेप्टिकच्या नावाने. उरलेली रक्कम हीच तुमची खरी बचत. ती तुम्हाला पुरेशी वाटते का, आणि खालच्या खोलीत सासूबाई पाच महिने नीट राहतील असं तुमच्या बायकोला वाटतं का, या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली तर क्लोजिंगला सही करा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिचंच, तुम्ही मध्ये बोलू नका. जमिनीच्या प्रेमात तुम्ही आहात, पायऱ्यांचा विचार तिने केलाय.

सेप्टिक बघायला शनिवारी जाल तेव्हा गमबूट घाला आणि टेप बरोबर न्या. फोनवर आईंना विचारून ठेवा, आधाराशिवाय त्या किती उंच पाऊल टाकू शकतात. पायऱ्या साडेसात इंची निघाल्या तर ठीक. सव्वाआठ निघाल्या तर मला परत लिहा, मग अर्धा जिना मोडून नवा बसवायचा खर्च आपण दोघं मिळून काढू.